दोष आढळून आला नाही

गाडी उभी असताना तिच्या इंजिनाने एका लयीत चालत राहावे, एवढी किमान अपेक्षा कोणत्याही सभ्य मोटारीकडून असते. शून्यसाहेबांच्या मोटारीने ही अपेक्षा पाळणे गेल्या काही महिन्यांपासून सोडून दिले होते. सकाळी थंड असताना गाडी शहाण्या मुलासारखी वागे. पण एकदा तापली आणि सिग्नलला उभी राहिली, की कोणी पाय न लावता इंजिनाच्या वेगाचा काटा वर चढे, ते ‘घूंऽऽ’ करून उठे, मग दम जाऊन इतके खाली बसे की आता बंदच पडणार असे वाटे, आणि तेवढ्यात पुन्हा ‘घूंऽऽ’. शेजारचा स्कूटरवाला ‘एवढी घाई असेल तर उडून जा की’ अशा नजरेने बघे. साहेब बिचारे पाय आखडून घेत आणि आपण निर्दोष असल्याचे चेहऱ्यावर आणत. पण गाडीत बसलेल्या माणसाचे पाय बाहेरून दिसतात कोणाला?

गाडी जुनी होती. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन नुकतेच आले होते, त्या दिवसांतली. तेव्हा साहेब आल्यागेल्याला बॉनेट उघडून सांगत, की हिच्यात पेट्रोल किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. पाहुणे वाकून बघत, कॉम्प्युटर काही दिसत नसे, तरी ‘वा’ म्हणत. आता तोच कॉम्प्युटर आत बसून काय ठरवत होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

शून्यसाहेब हे काही त्यांचे नाव नव्हे. ते नगर कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षाचे प्रमुख होते आणि त्यांच्या कक्षात शिल्लक तक्रारींचा आकडा बारा महिने शून्य असे, म्हणून लोक मागून त्यांना तसे म्हणत. लोकांच्या मनात चिडवणे होते. साहेबांनी तो बहुमान समजून ठेवून घेतला. त्यांची पद्धत मोठी सोपी होती. तक्रार आली की तिची पाहणी व्हायचीच, फक्त कार्यालयीन वेळेत. रस्त्यावरचा दिवा लागत नाही? पाहणी अधिकारी भर दुपारी जाऊन बघे. दुपारी शहरातला कोणताच दिवा लागलेला नसे, म्हणजे हाही इतरांसारखाच व्यवस्थित. सकाळी नळाला पाणी येत नाही? दुपारी बघावे तर ज्यांच्याकडे सकाळी धो धो येते त्यांचाही नळ कोरडा. भेदभाव नाही, तर तक्रार कसली? मग साहेब आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहीत, ‘पाहणी केली असता दोष आढळून आला नाही’, आणि तक्रार निकालात निघे.

त्यानंतर तक्रारदाराला फोन जाई. समाधानी असाल तर एक दाबा. नाही दाबला तर पुन्हा जाई. जेवताना जाई, डुलकी लागताना जाई, एक दाबेपर्यंत जात राही. माणूस शेवटी माणूसच, दाबतो. या कामगिरीबद्दल यंदा साहेबांचा जाहीर सत्कार करण्याचे वरून ठरले होते.

एरवी गाडी चार वेळा जास्त ओरडली म्हणून साहेबांनी मनाला लावून घेतले नसते. पण तिच्यापायी लेकीची नोकरी अडली होती. लेक आजारी माणसांकडून व्यायाम करून घेण्याचे शिकलेली, हाताला गुण असलेली. एका रुग्णालयाने तिला घेतलेही होते. अट एकच, रुग्णालयाची गाडी स्वतः चालवत रुग्णांच्या घरी जायचे, तेव्हा रुजू होताना लायसन दाखवायचे. पोरगी चाचणीला गेली, वळणे घेतली, उलटी गाडी नेली, सगळे बिनचूक केले. शेवटी चढावर पांढऱ्या रेषेमागे अर्धा क्लच धरून गाडी थोपवायची होती. तिने थोपवली. तेवढ्यात तापलेल्या गाडीने ‘घूंऽऽ’ केले आणि परीक्षकाच्या बुटाला टेकून थांबली. परीक्षक काही भित्रा नव्हता, पण बूट नवे होते. लेक नापास झाली. आता पुढच्या महिन्यात आणखी एक संधी, आणि तीही गेली तर रुग्णालय दुसरे कोणीतरी बघणार होते.

“बाबा, माझ्या पायाची हमी मी देते,” घरी आल्यावर ती म्हणाली. “गाडीची कोण देणार?”

हमी द्यायला घरातले सगळेच पुढे आले. साहेबांच्या बायकोने गाडी मोडीत काढा असा एका वाक्यात निकाल दिला. मेहुणा रोज एक व्हिडिओ बघून येई आणि रोज एक नवे निदान करी. सोमवारी पेट्रोलमध्ये भेसळ होती, मंगळवारी प्लग खराब होते, बुधवारी त्याने फिल्टर बदलून घेतला आणि गुरुवारी गाडी विकणाऱ्याचा हेतूच शुद्ध नव्हता इथपर्यंत तो पोचला. आडरस्त्याच्या एका उस्तादाने स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि पेट्रोलचा पंप गेलाय असे सांगितले. नवा पंप बसला. उस्तादाने गाडी थंड असताना सुरू करून दाखवली, ती सुरेख चालली, आणि सगळ्यांनी त्याच्या कानाचे कौतुक केले. कौतुक पहिल्या सिग्नलपर्यंत टिकले.

शेवटी साहेबांनी ठरवले, हे गल्लीबोळातले काम नव्हे. ते गाडी घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेले.

सेवा केंद्राचा थाट काय सांगावा! काचेचे दार, गार हवा, कोपऱ्यात कॉफीचे यंत्र आणि टाय लावलेला एक हसतमुख तरुण. त्याने साहेबांना आधी पाणी दिले, मग कॉफी दिली, मग एक फुकट पेन दिले. साहेबांचा वाढदिवस विचारला, लग्नाचा वाढदिवस विचारला, आणि गाडीला काय होतेय हे तेवढे राहिले. गाडी रात्रभर केंद्रात मुक्कामाला राहिली. सकाळी थंडगार इंजिनाला कॉम्प्युटर जोडण्यात आला. दुपारी निरोप आला, ‘पाहणी केली असता दोष आढळून आला नाही.’

साहेबांचा ऊर भरून आला. काय वाक्य होते! गाडीत दोष नाही असेही त्यात कुठे म्हटलेले नव्हते आणि आहे असेही नव्हते. बघणाऱ्याला दिसला नाही, एवढेच नम्रपणे नोंदवले होते. आपल्या हयातीत हे वाक्य कार्यालयाबाहेर पोचले, याचा त्यांना अभिमान वाटला. त्या अभिमानात ते घरी निघाले, दुसऱ्या सिग्नलला गाडी तापली आणि अभिमानासकट ‘घूंऽऽ’ करू लागली. तेवढ्यात फोन वाजला. समाधानी असाल तर एक दाबा. मागून हॉर्न वाजत होते, पुढे गाडी ओरडत होती, कानाशी फोन होता. साहेबांनी एक दाबला.

त्याचे फळ दुसऱ्या खेपेला मिळाले. टायवाल्याने पडद्यावर बघून सांगितले, की आपण समाधानी आहात. साहेब म्हणाले, मी समाधानी नाही. टायवाला अदबीने म्हणाला, इथे तर आहात. मग नवी तक्रार उघडावी लागली. तक्रारीचे प्रकार चारच होते: आवाज, थरथर, वास आणि इतर. केंद्राच्या लेखी आवाज म्हणजे खडखडाट, तेव्हा काटा वर-खाली होणे हे पहिल्या तिघांत बसेना, म्हणून ते ‘इतर’मध्ये गेले. आणि ‘इतर’ म्हणजे चालकाची सवय, असे केंद्राने फार पूर्वीच ठरवून ठेवलेले होते.

तेव्हा साहेबांच्या पायाचे समुपदेशन झाले. एका खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवण्यात आले, पायाखाली लाकडी ठोकळा देण्यात आला आणि एका गंभीर गृहस्थाने ठोकळा हळुवार कसा दाबावा हे शिकवले. साहेबांच्या शेजारी असेच आणखी काही ‘इतर’ बसलेले होते. एकाच्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजत असे; त्याला मनावर ताबा ठेवण्याचे धडे होते. सगळ्यांनी निमूटपणे ठोकळे दाबले. शेवटी ‘पाय सौम्य आहे’ असे प्रशस्तिपत्र साहेबांना मिळाले. ते त्यांनी गाडीच्या काचेवर आतून चिकटवले, निदान स्कूटरवाल्यांना तरी वाचता यावे म्हणून. गाडी निरक्षर असावी, कारण तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

चाचणी आता तोंडावर आली होती. लेक रोज संध्याकाळी अंगणात उभ्या असलेल्या बंद गाडीत बसून अर्धा क्लच धरायचा सराव करी. साहेब खिडकीतून ते बघत. एका दुपारी त्यांनी गाडी शहरभर फिरवून चांगली तापवली आणि थेट सेवा केंद्राच्या काचेच्या दाराशी आणून, इंजिन चालू ठेवून, उभी केली. घूंऽऽ. काचा थरथरल्या. कॉफीच्या यंत्रातून कोणी न मागता कॉफी आली. टायवाला बाहेर आला, बॉनेटपाशी उभा राहिला, आणि इंजिनाबरोबर त्याच्या भुवया वर-खाली होऊ लागल्या.

“ऐकू येतंय ना?” साहेब म्हणाले.

“ऐकू येतंय, साहेब. मला माणूस म्हणून ऐकू येतंय. पण केंद्राला ऐकू यायला कोड लागतो.”

मग त्याने सगळी अडचण समजावून सांगितली, आणि ती ऐकताना साहेबांना आपल्याच खुर्चीत बसून आपल्यालाच ऐकल्यासारखे वाटू लागले. कॉम्प्युटरने दोषाचा कोड दाखवल्याशिवाय इंजिनाचा एकही भाग खोलायचा नाही, नाहीतर खोललेले काम टाकायचे कोणत्या खात्यात? कॉम्प्युटर जोडायचा तो इंजिन थंड असतानाच, कारण गरम इंजिनाने मागे एकाचा हात भाजला होता. आणि दोष तर गरम असतानाच येतो. यावर तोड एकच, गाडी रस्त्यावर चालवून बघायची; तिथे दिसलेला दोष कोडाच्या जागी धरतात. पण दिवसा समोरच्या रस्त्यावर मुंगीला जागा नसते, म्हणून ती चाचणी संध्याकाळनंतर. आणि संध्याकाळनंतर फाटकासमोर काळोख, कारण तिथला खांबावरचा दिवा लागत नाही. काळोखात ग्राहकाची गाडी काढायची नाही, हा नियम.

“मग दिव्याची तक्रार करायची नाही का?” साहेब उसळून म्हणाले.

टायवाल्याने एक कागद आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाहणी केली असता दोष आढळून आला नाही. अक्षर मोत्यासारखे होते.

“आमच्या मालकांना हे वाक्य फार आवडलं,” टायवाला म्हणाला. “तेव्हापासून आम्ही पण हेच वापरतो.”

साहेब घरी आले. जेवताना त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बायको हसत सुटली. लेक मात्र हसली नाही. तिने विचारले, “एक दिवा लावायला कितीसा वेळ लागतो, बाबा?”

“दिवा लावायला वेळ लागत नाही. तो बंद होता हे मान्य करायला लागतो.”

खरेच सांगायचे तर साहेबांचा जीव टांगणीला लागला होता. दिवा दुरुस्त करायचा म्हणजे निकालात निघालेली तक्रार पुन्हा उघडायची. तक्रार उघडली की शून्याचा एक झाला. आणि सत्काराचे आमंत्रण छापून झालेले. एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे जन्मभर जपलेले शून्य. साहेब या कुशीवरून त्या कुशीवर झाले. पण मुरलेला माणूस तो, धर्मसंकटातूनही पळवाट काढणारच. सकाळी ते कार्यालयात गेले आणि त्यांनी पाहणी अधिकाऱ्याला फाटकासमोरच्या दिव्याची नव्हे, काळोखाची पाहणी करायला पाठवले. अधिकारी नेहमीप्रमाणे भर बारा वाजता गेला, टोपी घालून उन्हात उभा राहिला, घाम पुसला आणि परत आला. साहेबांनी दाखला लिहिला, ‘सदर ठिकाणी पाहणी केली असता काळोख आढळून आला नाही.’

दाखला बघून टायवाल्याने मनापासून मान लववली. काळोखच नाही म्हटल्यावर नियम आडवा येण्याचे कारण उरले नाही.

त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर चाचणी ठरली. केंद्राचा चालक स्टिअरिंगवर, टायवाला त्याच्या शेजारी आणि साहेब मागे. आधी गाडी आवारातच फेऱ्या मारून तापवली. मग ती फाटकाशी आली. समोर दाखल्याप्रमाणे उजेड आणि प्रत्यक्षात मिट्ट काळोख होता. डोळ्यात बोट घातले तरी दिसले नसते. गाडीचे दिवे होते, पण तेही इंजिनाबरोबर मंद आणि प्रखर होत होते. चालकाने अंदाज घ्यायला अर्धा क्लच धरला, मान बाहेर काढली, आणि गाडीने आपले म्हणणे मांडले. घूंऽऽ. पुढे धाड्‌ असा आवाज झाला.

कोणाला काही लागले नाही. गाडी खांबावर जाऊन आदळली होती. मग वर काहीतरी चर्र वाजले, आतली कुठलीशी सैल तार हादऱ्याने जागेवर बसली असावी, आणि खांबावरचा दिवा लख्ख लागला. त्या उजेडात गाडीचे चेपलेले नाक स्पष्ट दिसत होते.

साहेबांनी कपाळाला हात लावला. लेकीची चाचणी दोन दिवसांवर, आणि गाडीचे हे असे. पण टायवाल्याच्या चेहऱ्यावर त्यांना प्रथमच खरा आनंद दिसला.

“साहेब, सुटलो. हा अपघात झाला. अपघाताला कोड लागत नाही. आता काय वाटेल ते उघडता येतं.”

आणि खरोखर, इतके दिवस ज्या इंजिनाचा एक नट केंद्रात कोणी फिरवला नव्हता ते सकाळी अख्खे उघडून टेबलावर मांडण्यात आले. हवा आत नेणारी रबराची जाड नळी होती, तिला खालच्या अंगाला एक चीर गेलेली निघाली. थंड असताना चीर मिटून राही, रबर तापून मऊ पडले की उघडे. त्यातून चोरून हवा शिरे. कॉम्प्युटरला तिचा हिशोब कळत नसे. इंजिनाचा सूर बिघडला की तो घाबरून पेट्रोल वाढवी, मग जास्त झाले म्हणून कापी, मग कमी पडले म्हणून वाढवी. बिचाऱ्याला जेवढे कळवले जाई तेवढ्यावर तो प्रामाणिकपणे निर्णय घेत होता. साहेबांनी ती नळी हातात घेऊन बराच वेळ बघितली. टायवाल्याने नवी नळी बसवली, नाक ठोकून सरळ केले आणि कामाच्या प्रकारात लिहिले, ‘अपघात’. दोषाच्या रकान्यात दोष नव्हताच.

चाचणीच्या दिवशी गाडी चढावर रेषेमागे अशी थांबली, की परीक्षकाला ती चालू आहे की बंद, हे बॉनेटला हात लावून बघावे लागले. या वेळी तो जुने बूट घालून आला होता. लेक पास झाली. घरी आल्यावर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते लपवले नाही. सत्कारही थाटात झाला. फाटकासमोरचा दिवा आता लागतच होता, तेव्हा आपण पूर्वी लिहिले ते काही खोटे नव्हते, फक्त थोडे लवकर होते, असे साहेबांनी मनाशी ठरवून टाकले. शून्य कोरलेले मानचिन्ह दिवाणखान्यात लागले.

लेक रुजू झाली. पहिल्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली, हातपाय धुऊन पानावर बसली आणि आपल्या पहिल्या रुग्णाबद्दल सांगू लागली. एक आजी होत्या. गल्लीच्या तोंडाशी पायऱ्या, तिथला दिवा बंद, अंधारात पाय चुकला आणि मांडीचे हाड मोडले. आता आधार धरून दोन पावले टाकायची तर घामाघूम होतात.

“त्यांनी पडायच्या आधी तक्रार केली होती, बाबा. दोनदा.”

साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांना ती गल्ली आठवली, तक्रार आठवली, आपले अक्षर आठवले. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण इतक्या वर्षांची सवय, ती लाजेच्याही आधी तोंडातून बाहेर पडते.

“पण त्या समाधानी होत्या ना? एक दाबला होता ना त्यांनी?”

“दाबला होता. म्हणाल्या, फोन थांबेचना, म्हणून दाबला.” लेकीने पाण्याचा घोट घेतला. “आता तर अपघात झालाय, बाबा. आता उघडता येईल ना?”

आजींनी एक दाबला होता, हे ऐकून साहेबांना जरा हायसे वाटले, आणि ते पुढचा घास जेवले.

हसलात ना साहेबांना? हसा, हसा. पण मध्यंतरी तुम्हालाही असाच एक फोन आला होता, तुम्ही घाईत होता आणि एक दाबून मोकळे झालात, ते आठवतेय का बघा. नसेल आठवत तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चक्कर मारून या. दुपारी नको, अंधार पडल्यावर जा. आणि पायऱ्यांवर जरा जपून.